धरणापलीकडचे पाटण

पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांत एक लहानशी चौकट नियमाने दिसू लागते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथे चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला, धरणात किती टीएमसी पाणी जमले आणि दरवाजे किती फुटांनी उचलले, एवढाच तिच्यातील मजकूर. पुण्या-मुंबईचा वाचक ही चौकट वर्षानुवर्षे वाचत आला आहे. सांगलीचा वाचक ती अधिक काळजीने वाचतो, कारण कोयनेतून सोडलेले पाणी पुढे कृष्णेला मिळून त्याच्या आयर्विन पुलाखालून जाते. या तीन नावांपैकी महाबळेश्वर सर्वांच्या परिचयाचे आहे. उरलेली दोन गावे ज्या तालुक्यातील, त्या पाटणची ओळख मात्र बहुतेकांच्या बाबतीत धरणाच्या आकड्यापाशीच थांबते.

कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या प्रवाशाला पाटण वाटेत लागते. चहापुरती गाडी थांबते आणि कुंभार्ली घाट उतरून प्रवासी कोकणात निघून जातो. वस्तुतः सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी नैऋत्येच्या कोपऱ्यातील हा तालुका दोन-तीन दिवस सवडीने पाहावा असा आहे. घनदाट जंगल, लांबवर पसरलेला जलाशय, फुलांचे सडे, कातळात कोरलेली विहीर असलेला किल्ला आणि समर्थ रामदासांचे चाफळ हे सारे एकाच तालुक्यात सापडते. मात्र पाटणच्या निसर्गाचे एक वेगळेपण नवख्या पर्यटकाने आधीच ध्यानात घ्यावे. येथील देखणेपणाच्या मागे बहुतेक ठिकाणी कोणी तरी मोजलेली किंमत आहे. तलाव सुंदर आहे, कारण त्याखाली एक खोरे बुडाले. जंगल शांत आहे, कारण त्यातून गावे उठली. हे ठाऊक असले म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा अर्थही कळू लागतो.

नद्यांनी आखलेला मुलूख

पाटणचा नकाशा समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे नद्या पाहणे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना आरंभी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वेकडे धावणाऱ्या महाराष्ट्रातील बहुतेक नद्यांच्या तुलनेत ही दिशा निराळी आहे. हेळवाक येथे ती एकदम काटकोनात वळते आणि पूर्वेची वाट धरून पाटणवरून कराडला जाते. तेथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. या संगमालाच प्रीतिसंगम म्हणतात.

या मुख्य खोऱ्याला दोन्ही अंगांनी लहान खोरी जोडलेली आहेत. केरा आणि मोरणा या उपनद्या पाटणच्या परिसरात कोयनेला मिळतात. दक्षिणेला ढेबेवाडीचे खोरे वांग नदीचे आहे. उत्तरेकडे तारळे आणि चाफळच्या बाजूने तारळी आणि मांड या नद्या थेट कृष्णेकडे जातात. दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगराची उंच धार असते. त्यामुळे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारे गाव प्रत्यक्षात तासाभराच्या वळणांवर निघते. पाटणचा बेत आखताना किलोमीटर मोजू नयेत, खोरी मोजावीत. एका दिवसाला एक खोरे, हे प्रमाण पुरेसे आहे.

पावसाचे प्रमाणही खोऱ्यागणिक बदलते. पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या नवज्यात वर्षभराचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणे नवलाचे नाही. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे, तेथील सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळते. एका जिल्ह्यातील हा दहापटीचा फरक सह्याद्रीची भिंत घडवते. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीशी अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपले ओझे पाटणच्या पश्चिम डोंगरांवर उतरवून रिकामे पुढे सरकतात.

कोयनानगर आणि शिवसागर

पाटणपासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटर पश्चिमेला कोयनानगर आहे. धरणाच्या बांधकामासाठी वसलेल्या या वसाहतीला अजूनही सरकारी वसाहतीची शिस्तशीर कळा आहे. येथील नेहरू उद्यानातून धरणाची भिंत नीट दिसते. प्रत्यक्ष धरणावर मात्र सुरक्षेच्या कारणास्तव परवानगीवाचून जाता येत नाही.

धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६४ मध्ये ते पूर्णत्वास गेले. भिंतीची उंची १०३ मीटर असून लांबी आठशे मीटरहून थोडी अधिक आहे. भिंतीमागे अडलेल्या जलाशयाला शिवसागर असे नाव असून तो उत्तरेकडे तापोळ्याच्या दिशेने सुमारे पन्नास किलोमीटर पसरला आहे. त्याची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एका टीएमसीत सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी मावते, हे ध्यानात घेतले तर वृत्तपत्रातल्या त्या चौकटीतील आकड्याला वजन येते.

कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात, ते सिंचनापेक्षा विजेमुळे. निसर्गाने पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे धाडलेल्या या नदीचे पाणी अभियंत्यांनी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवले. घाटमाथा आणि कोकणचा तळ यांच्यातील सुमारे पावणेपाचशे मीटरचा उतार हेच या प्रकल्पाचे भांडवल. जलाशयातील पाणी बोगद्यांतून चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीजगृहात कोसळते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राला मिळते. १९६२ साली येथे वीजनिर्मितीला प्रारंभ झाला. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय रिकामा न करता तळाच्या खडकाला खालून छिद्र पाडण्याचा, म्हणजेच ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग झाला. २०१२ मध्ये त्याची पुनरावृत्ती करण्यात आली. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे यालाही मर्यादा आहे. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ती वर्षाला ६७.५ टीएमसी अशी ठरवून दिली. उरलेल्या पाण्यावर पूर्वेकडच्या कराड-सांगलीच्या शेतीची भिस्त असते.

संध्याकाळी मागणी वाढली की काही मिनिटांत सुरू करता येणारी वीज, हे जलविद्युतचे बलस्थान. शहरातील दिवे ज्या वेळी एकदम लागतात, नेमक्या त्या वेळी कोयना कामाला येते. शिवसागराच्या काठी उभे राहणाऱ्या शहरी पर्यटकाचे या पाण्याशी नाते असे फार जुने आहे.

पाण्याखालची गावे

शिवसागराचे निळे पाणी पाहताना त्याच्या तळाशी काय आहे, हे सांगणारा फलक सहसा दिसत नाही. या जलाशयाने पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील शंभराच्या आसपास गावे आणि त्यांची नदीकाठची भातखाचरे घेतली. विस्थापितांपैकी काहींना सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत, तर काहींना घाट उतरून रत्नागिरी, तसेच तेव्हाच्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या. डोंगरी पावसाची सवय असलेली कुटुंबे दुष्काळी माळावर किंवा खाडीकाठच्या दमट हवेत जाऊन पडली.

राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. कोयनेची भिंत त्याआधी एक तप उभी राहिली होती. म्हणजे राज्याच्या उद्योगांना वीज देणाऱ्या या माणसांना हक्क सांगायला कायदाच नव्हता. जमिनीचे, नागरी सुविधांचे आणि नोंदींचे प्रश्न पुढे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. त्यासाठीची आंदोलने एकविसाव्या शतकातही होत राहिली. श्रमिक मुक्ती दलाने आणि डॉ. भारत पाटणकर यांनी हा लढा दीर्घकाळ चालवला.

अनेक कुटुंबांनी खोरे सोडलेच नाही. पाणी वर सरकले तशी ती डोंगर चढून वरच्या उतारावर जाऊन वसली. १९८५ साली तोच उतार अभयारण्यात गेला आणि पुढे व्याघ्र प्रकल्पात. आजोबांना धरणाने उठवले आणि नातवाला जंगलाने, असा अनुभव येथील काही घरांच्या वाट्याला आला आहे. पाटणमधील मुक्कामात यजमानांशी बोलताना हा विषय निघाला तर तो ऐकून घ्यावा. स्थलदर्शनाच्या यादीत नसलेली ही माहिती तेथेच मिळते.

११ डिसेंबर १९६७

धरणात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागले आणि लहान धक्के बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून गेल्यावर ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. धरणाला तडे गेले, पण ते टिकले. नंतर मागच्या अंगाने काँक्रीटचे जाड आधार देऊन भिंत मजबूत करण्यात आली.

दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात असे. कोयनेने ही समजूत बदलली. मोठ्या जलाशयाचे वजन आणि खडकांच्या भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे आधीच ताणाखाली असलेले भूस्तर सरकू शकतात, या सिद्धान्ताचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ठरले. जलाशयाशी संबंधित भूकंपांमध्ये हा सर्वात मोठा गणला जातो. त्याच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे संशोधन केंद्र उभारले असून २०१७ मध्ये या भागात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. वरचा काळा बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट लागतो, हे या खोदकामांतून प्रत्यक्ष हाती आले. परिसरात अधूनमधून सौम्य धक्के आजही बसतात. गावकऱ्यांच्या लेखी ती मोठी बातमी नसते, पर्यटकानेही घाबरून जाण्याचे कारण नाही.

पाऊस, धबधबे आणि सावधगिरी

कोयनानगरपासून नवज्याकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाझरत असतो. या वाटेवर ओझर्डे धबधबा आहे. दाट झाडीतून थोडे चालून गेल्यावर कड्यावरून कोसळणारा त्याचा पांढरा लोट समोर येतो. पाटणच्या उत्तरेला सडावाघापूरच्या पठारावर ‘उलटा धबधबा’ आहे. यात जादू काहीच नाही. पठारावरचे पाणी कड्यावरून खाली झेपावते, त्याच वेळी दरीतून वर येणारा प्रचंड वारा त्या धारेला उचलून पुन्हा पठारावर भिरकावतो. वारा पडला की धबधबा सरळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि वारा दोन्ही जोरात असताना हा खेळ पाहायला मिळतो.

या दृश्याला दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर खचून घरे गाडली गेली, माणसे दगावली. रस्ते तुटल्यामुळे मदत पोहोचण्यासही विलंब झाला. पर्यटकाला हवा असलेला मुसळधार पाऊस येथील उतारावरच्या वस्तीसाठी रात्रभर जागे राहण्याचे निमित्त असतो. म्हणून हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल त्या दिवशी पाटणचा बेत पुढे ढकलावा. कड्याच्या टोकाशी जाऊन छायाचित्र काढणे, धबधब्याच्या ऐन प्रवाहात उतरणे आणि घाटरस्त्यात दरडीखाली गाडी उभी करणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

सडे, फुले आणि पवनचक्क्या

जांभ्या कातळाचे सपाट, उघडे पठार म्हणजे सडा. वरून ओसाड वाटणाऱ्या या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, त्यामुळे मोठी झाडे रुजत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस मात्र तो रंगांनी भरून जातो. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद अशी फुले सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत दिसतात. डोंगरउतारावर कारवीचे रान असते, ती सात वर्षांतून एकदा सामुदायिक बहर धरते. कासच्या पठाराइतकी गर्दी पाटणच्या सड्यांवर नसते आणि ती नसण्यातच त्यांचे सुख आहे. फुलांमध्ये गाडी घालणे किंवा त्यांवर बसणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बी तुडवणे होय.

सडावाघापूर आणि वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या उभ्या राहू लागल्या. दरीतून जो वारा धबधबा उलटवतो, तोच येथे वीज निर्माण करतो. दिवसा एका पात्याचा घरघराट जवळून ऐकला म्हणजे त्याच्या आकाराची कल्पना येते. पवनचक्क्यांमुळे पठारावर डांबरी रस्ते आले, काही हातांना रखवालीची आणि देखभालीची कामे मिळाली. त्याचबरोबर जमिनीच्या व्यवहारांतून तंटेही झाले. पाण्यापाठोपाठ पाटणच्या वाऱ्यातूनही राज्याला वीज मिळू लागली, एवढे खरे.

दातेगड आणि इतर किल्ले

पाटणच्या वायव्येस, टोळेवाडी गावावर दातेगड उभा आहे. याचे दुसरे नाव सुंदरगड. गड लहान असला तरी त्यावरचे कातळकाम पाहण्याजोगे आहे. पश्चिमेच्या दरवाजाशी गणपती आणि मारुती यांच्या मोठ्या मूर्ती खडकात कोरलेल्या आहेत. गडावरची विहीर हे दातेगडाचे खास वैशिष्ट्य. तलवारीच्या आकारात खोल कोरलेल्या या विहिरीत कातळाच्या पायऱ्यांनी उतरावे लागते. वर कडक ऊन असताना खाली उतरत गेले की हवा गार होत जाते. पायऱ्या ओलसर असतात, त्यामुळे लहान मुलांना एकटे सोडू नये.

मोरणेच्या खोऱ्यात मोरगिरीजवळ गुणवंतगड आहे. चढ फारसा नाही आणि माथ्यावरून खोऱ्यातील शेतांचे चौकोन सुरेख दिसतात. जंगली जयगड आणि भैरवगड हे दोन किल्ले मात्र घनदाट वनात, घाटमाथ्याच्या ऐन धारेवर आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील जयगडाहून वेगळा ओळखता यावा म्हणून या जयगडाला ‘जंगली’ हे विशेषण लागले. कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवणे हे या दुर्गांचे काम होते. तेथे जाण्यासाठी वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या ही दोन्ही हवीत. प्रसिद्ध वासोटा शेजारच्या जावळी तालुक्यात असून त्यासाठी बामणोलीहून नावेने शिवसागर ओलांडावा लागतो. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते.

वाघाची वाट

धरणाच्या पाण्याभोवतीचे जंगल १९८५ साली कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र ४२३ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात, सांगलीच्या बाजूला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ही दोन्ही अरण्ये जोडून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील चार स्थळे असून कास, चांदोली आणि राधानगरी यांच्यासोबत कोयनेचा समावेश आहे.

या जंगलात वाघाचे दर्शन होईल, अशी अपेक्षा धरून येऊ नये. सह्याद्रीतील वाघांची संख्या फार थोडी राहिली आणि म्हणूनच २०२५ च्या अखेरीस ताडोबा परिसरातून वाघीण आणून येथे सोडण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या यांचा वावर येथे आहे. उंच झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेणारे शेकरू हे राज्याचे प्राणिवैभव पाटणच्या पश्चिम भागात दिसू शकते. धनेशाच्या पंखांचा आवाज शांत रानात दुरूनही ओळखू येतो. पावसाळ्यात मात्र पायाला आधी भेटतात त्या जळवा. मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ असली तर त्यांचा फारसा त्रास होत नाही.

चाफळ, नाईकबा आणि येडोबा

डोंगरांइतकीच पाटणची देवस्थानेही ओळखीची आहेत. उंब्रजहून पश्चिमेला आत गेल्यावर मांड नदीच्या काठी चाफळ लागते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर येथे राममंदिराची स्थापना केली आणि रामनवमीचा उत्सव सुरू केला. १९६७ च्या भूकंपानंतर मंदिराची नव्याने उभारणी झाली. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी काही चाफळ आणि शिंगणवाडी, माजगाव या जवळच्या गावांत असल्याने एका दिवसात त्यांचे दर्शन घडते.

ढेबेवाडी खोऱ्यात बनपुरीच्या डोंगरावर नाईकबाचे मंदिर आहे. चैत्रातील यात्रेला कोकणातून आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. पाटणजवळील येराडचा येडोबाही चैत्रातच भरतो. दिवशीजवळचे धारेश्वर हे कातळातील शिवस्थान वर्षभर शांत असते आणि पावसाळ्यात कड्यावरून गळणाऱ्या धारांमुळे त्याचे नाव सार्थ ठरते.

यात्रेच्या दिवसांत पाटणची गावे एकाएकी भरतात, कारण मुंबईकर घरी येतात. दुर्गम खोरी आणि तुटपुंजी शेती यांमुळे येथील कर्त्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. गोदीत आणि घाऊक बाजारांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत सातारच्या डोंगरी भागातील माणसांचा भरणा मोठा होता. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे त्यांचे परिश्रम आहेत. मुंबईच्या वाचकाने आपल्या बाजारपेठेत पाटणची माणसे पाहिलेली असतात, फक्त ती पाटणची आहेत हे त्याला ठाऊक नसते.

कसे जाल, कधी जाल?

पुण्याहून येणाऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर उंब्रज येथे वळून मल्हारपेठमार्गे पाटण गाठावे किंवा कराडहून चिपळूणचा रस्ता धरावा. कराड ते पाटण हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील कराड आणि कोकण रेल्वेवरील चिपळूण ही दोन सोयीची स्थानके. दोन्हीकडून एसटीची सोय आहे. आतल्या खोऱ्यांत एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्याने परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाटणच्या स्थानकावर आधीच विचारून घ्यावी.

तीन दिवसांचा बेत असा आखता येईल. पहिल्या दिवशी चाफळचे दर्शन घेऊन दाढोलीमार्गे सडावाघापूरचे पठार पाहावे आणि पाटणला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दातेगड करून दुपारनंतर कोयनानगर, नेहरू उद्यान आणि नवजा परिसर पाहावा. मुक्कामासाठी कोयनानगरला सोय होते. तिसऱ्या दिवशी ढेबेवाडी खोऱ्यातून नाईकबाला जावे किंवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणची वाट धरावी. घाट उतरताना, ज्या उताराने कोयनेची वीज घडते तो किती खोल आहे, हे डोळ्यांनी कळते.

धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्ट, फुलांसाठी सप्टेंबर, किल्ल्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे आणि जांभळे मिळतात, शिवाय जलाशय आटून काठ उघडा पडतो. मोबाइलची रेंज आतल्या गावांत भरवशाची नसते. इंधन आणि रोख रक्कम पाटणलाच भरून घ्यावी.

जेवणासाठी शहरी पदार्थांचा आग्रह धरू नये. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पावसाळ्यातील रानभाज्या आणि नव्या तांदळाचा भात हे येथील खरे जेवण. शक्य तेथे गावातील घरगुती खाणावळीतच जेवावे, गावातलाच वाटाड्या घ्यावा, मध आणि नाचणी येथूनच विकत घ्यावी. प्लास्टिकचा कचरा परत नेण्यास विसरू नये, कारण ओढ्यात टाकलेली बाटली अखेर नदीतच जाते.

पाटणच्या पाण्याने कारखाने चालले, वाऱ्याने दिवे लागले आणि माणसांनी शहराची ओझी वाहिली. पर्यटनाचा पैसा हा या तालुक्याकडे उलट दिशेने येणारा एक लहान प्रवाह आहे. तो गावातल्या माणसाच्या हाती पडतो की बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांच्या, यावर पाटणचे पुढचे चित्र ठरणार आहे. पुढच्या पावसाळ्यात वृत्तपत्रातली ती लहानशी चौकट वाचताना, टीएमसीच्या आकड्यामागे उभा असलेला हा मुलूख वाचकाच्या डोळ्यांसमोर यावा, एवढे तरी पाटणच्या एका भेटीने नक्की साधेल.